प्रकल्प गेला, भाषा कुणी नेली?

सप्टेंबर २०२२. वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार हे जाहीर झालं आणि महाराष्ट्र पेटला. विधानभवनापासून मुंबईतल्या चारकोपच्या सेक्टरांतल्या कट्ट्यांपर्यंत एकच विषय होता: दीड लाख कोटींचा घास आपल्या तोंडातून काढून घेतला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतलं. ज्या कारखान्यासाठी आपण घसा फोडला, तो त्या रूपात गुजरातेतही उभा राहिला नाही.

कारखाना गेल्याचं दुःख खरं आहे. पण चिपच्या धंद्याची अंगं दोन आहेत. एक चिप घडवण्याचं, दुसरं चिप लिहिण्याचं. घडवायला शेकडो एकर जमीन, अखंड वीज, अफाट शुद्ध पाणी आणि हजारो कोटी लागतात. लिहायला लॅपटॉप, डोकं आणि एक भाषा पुरते. तुमच्या मोबाइलमधली डिजिटल चिप सिलिकॉनवर उतरण्याआधी मजकूर म्हणून जन्मली. कुणीतरी ती व्हेरिलॉग, सिस्टिमव्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या भाषेत ओळीओळीने लिहिली, तपासली, दुरुस्त केली आणि मगच ती कारखान्यात गेली. हे लिहिणाऱ्या जगभरच्या इंजिनिअरांपैकी साधारण २० टक्के भारतात आहेत, असं केंद्र सरकार वारंवार सांगतं.

ही भाषा कुणी गुजरातला नेली नाही. ती आपल्या पोरांच्या दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात आहे. आपणच ती प्रॅक्टिकलच्या जर्नलात पुरून टाकली.

एक ठोका, हजार कामं

चारकोप-कांदिवली-बोरिवलीच्या पट्ट्यात ‘एक्सटीसी’ला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशनला गेलेल्या कुठल्याही मुलाला विचारा. हाफ ॲडर, मल्टिप्लेक्सर, काउंटर केले का? केले. चालले का? चालले. समजले का? इथे तो खाली बघतो. सीनिअरच्या पेन ड्राइव्हमधून कोड आला, वेव्हफॉर्मचा स्क्रीनशॉट चिकटवला, सही मिळाली, टर्मवर्क भरलं. मुलगा आळशी नसतो. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, की ही प्रोग्रामिंगची आणखी एक भाषा नव्हे.

फरक एका उदाहरणात दिसतो. दोन रजिस्टर आहेत, अ आणि ब. अ मध्ये ५ आहे, ब मध्ये ९. त्यांची अदलाबदल करायची आहे. सी शिकलेला मुलगा लिहितो:

अ = ब;
ब = अ;

दोन्हीकडे ९ येतात. पहिल्याच ओळीने अ मधला ५ पुसला गेला. म्हणून तो तिसरा व्हेरिएबल आणतो आणि काम भागवतो. व्हेरिलॉगमध्ये, घड्याळाच्या ठोक्यावर चालणाऱ्या ब्लॉकमध्ये, हेच असं लिहितात:

अ <= ब;
ब <= अ;

अदलाबदल होते. तिसरं काही लागत नाही. इथे ओळी एकामागून एक चालतच नाहीत. ठोका पडला की दोन्ही उजव्या बाजू आधी वाचल्या जातात आणि मग दोन्ही डाव्या बाजू एकदम बदलतात. सिलिकॉनवर याचा अर्थ फार साधा आहे: दोन फ्लिप-फ्लॉप, एकाचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला आणि दुसऱ्याचं पहिल्याच्या. तुम्ही मजकूर लिहिता, पण वर्णन तारांचं करता. त्या सगळ्या तारांत वीज एकाच वेळी असते.

त्या एका छोट्या बाणाचा अर्थ ज्याला कळला, त्याला निम्मी भाषा कळली. ज्याला नाही कळला, त्याने शंभर प्रोग्राम उतरवले तरी तो बाहेरच उभा आहे.

आणखी एक सापळा. घड्याळ नसलेल्या ब्लॉकमध्ये ‘इफ’ लिहिलं आणि ‘एल्स’ राहून गेलं, तर सिंथेसिस करणारं, म्हणजे मजकुराचं सर्किट बनवणारं टूल तुमच्या मनात नसलेला लॅच तिथे बसवून टाकतं. ‘नाहीतर काय?’ हे तुम्ही सांगितलंच नाही, म्हणून सर्किट जुनं मूल्य धरून ठेवतं. टूल वॉर्निंग देतं. ती वॉर्निंग वाचायची सवय लावणारा शिक्षक मिळाला, तर त्या मुलाचं नशीब उघडलं म्हणायचं.

१९८५ चा प्लॉट

चारकोपकराला एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट घेणाऱ्याने ठरवायची चिप, समजायला जड जाऊ नये. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला आणि म्हाडाने चारकोप-गोराईत ‘साइट अँड सर्व्हिसेस’ वसाहती आखल्या. आखलेला प्लॉट, रस्ता, पाण्याची लाइन, गटार, वीज सरकारने दिली. घर ज्याचं त्याने बांधलं. कुणी एक खोली, कुणी वर माळा, कुणी खाली दुकान.

त्याच १९८५ साली अमेरिकेतल्या झायलिंक्स कंपनीने एक्ससी२०६४ ही चिप बाजारात आणली. आत ६४ लॉजिक ब्लॉक, मधून तारांचं जाळं, सगळं आखून तयार. आत काय बांधायचं ते विकत घेणाऱ्याने ठरवायचं. धंद्यात टिकलेला हा पहिला एफपीजीए. आजच्या मोठ्या एफपीजीएमध्ये असे लाखो ब्लॉक असतात. शिकणाऱ्यासाठी त्याचं मोल असं, की आज बांधलेलं आवडलं नाही तर पुसून काही मिनिटांत दुसरं उभं करता येतं. खरी चिप बनवून चुकलात, तर कोट्यवधी रुपये आणि कित्येक महिने जातात. एफपीजीएवर चुकलात, तर फक्त संध्याकाळ जाते.

गोविनसारख्या कंपनीचा एफपीजीए असलेले छोटे बोर्ड आज साधारण दोन-तीन हजारांत मिळतात. एका सेमिस्टरच्या रिक्षाभाड्याएवढा हा खर्च. तो न करता चार वर्षं फक्त स्क्रीनवर वेव्हफॉर्म बघत बसणं हा मुलांवर अन्याय आहे.

ट्रॅफिक लाइटचा प्रश्न

मुंबईत वर्षानुवर्षं चालत आलेला मिनी प्रोजेक्ट म्हणजे ‘ट्रॅफिक लाइट कंट्रोलर’. लाल, पिवळा, हिरवा, एक स्टेट मशीन, एक काउंटर. आमच्या सेक्टरातल्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने मला तिचा प्रोजेक्ट दाखवला. कोड नेटका होता. मी विचारलं, “हिरवा चालू असताना मध्येच रीसेट दाबला तर?” तिने ते करून पाहिलं नव्हतं. “पादचाऱ्याने बटण दाबलं, तेही नेमकं घड्याळाच्या ठोक्यावर, तर?” हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

प्रश्न पुस्तकी नाही. चारकोप नाक्यावर दोन्ही दिशांना एकदम हिरवा लागला तर काय होईल, हे तिथून रोज जाणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. आणि माणूस घड्याळाला विचारून बटण दाबत नाही. तो सिग्नल जसाच्या तसा सर्किटमध्ये घेतला, तर फ्लिप-फ्लॉप धड शून्य नाही आणि धड एकही नाही, अशा अधांतरी अवस्थेत अडकू शकतो. त्यावर उपाय ठरलेला आहे: ओळीने दोन फ्लिप-फ्लॉप लावायचे, म्हणजे दुसऱ्यापर्यंत पोचेपर्यंत सिग्नल सावरतो. नोकरीच्या मुलाखतीत हे हमखास विचारतात. प्रॅक्टिकलच्या जर्नलात ते क्वचितच सापडतं.

त्या मुलीने पुढच्या आठवड्यात टेस्टबेंचमध्ये, म्हणजे सर्किट तपासणाऱ्या कोडमध्ये, एक अट घातली: दोन दिशांचे हिरवे दिवे एकाच वेळी कधीही लागता कामा नयेत. मग तिने मनाला येईल तेव्हा रीसेट आणि बटण दाबणारा टेस्ट लिहिला आणि तो हजारो ठोके चालवला. अट मोडली. चूक सापडली. दुरुस्त झाली. त्या एका अटीत या क्षेत्रातल्या सगळ्यात मोठ्या नोकरीचं बीज आहे. त्या नोकरीचं नाव व्हेरिफिकेशन.

चुकेल कुठे, हे शोधण्याचा पगार

आपल्याकडे मुलगा म्हणतो, मला चिप डिझाइन करायची आहे. उत्तम. पण चिपच्या कामाचा निम्म्याहून जास्त वेळ डिझाइन तपासण्यात जातो आणि भरतीही त्याच बाजूला मोठी असते. का, ते इंटेलला १९९४ मध्ये कळलं. पेंटियमच्या भागाकाराच्या तक्त्यातल्या पाच नोंदी राहून गेल्या. अमेरिकेतल्या एका गणिताच्या प्राध्यापकाला उत्तरं किंचित चुकताना दिसली. शेवटी इंटेलने ४७.५ कोटी डॉलरचा फटका हिशेबात धरून चिपा बदलून दिल्या. पाच नोंदी.

त्यानंतर तपासणीचं स्वतंत्र शास्त्र उभं राहिलं. सिस्टिमव्हेरिलॉग २००५ मध्ये आयईईईचं मानक झालं. तपासणीची यूव्हीएम ही पद्धत २०१७ मध्ये मानक झाली. आज बंगळुरू-हैदराबादच्या जाहिरातींत याच दोन नावांची मागणी दिसते. आरटीएल, म्हणजे चिपचा मजकूर लिहिणारे, तो तपासणारे, आराखडा सिलिकॉनवर बसवणारे फिजिकल डिझाइनवाले, तयार चिप तपासता यावी म्हणून आतच सोय करणारे डीएफटीवाले, अशी चार-पाच वेगवेगळी कामं आहेत. ‘व्हीएलएसआय (म्हणजे चिप डिझाइन) केलं’ असं म्हणणारा मुलगा यातलं कोणतं काम करणार हे सांगू शकत नसेल, तर त्याने अजून काहीच केलेलं नाही.

इथे एक गोष्ट अभिमानाने सांगतो. व्हेरिलॉग १९८३-८४ मध्ये गेटवे डिझाइन ऑटोमेशन या छोट्या अमेरिकन कंपनीत जन्माला आली. ती घडवणारे फिल मूरबी आणि कंपनीचे संस्थापक प्रभू गोयल, आयआयटी कानपूरचे. सर्किटमधली चूक पकडणाऱ्या चाचण्या आपोआप तयार करणारी ‘पोडेम’ ही पद्धतही गोयल यांचीच, १९८१ ची. म्हणजे भाषेच्या मुळाशी उभा असलेला माणूस आधीपासून चुकाच शोधत होता. १९८९ मध्ये कॅडेन्सने ती कंपनी घेतली आणि १९९५ मध्ये भाषा आयईईईचं मानक झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी समीर पालनिटकर या मराठी आडनावाच्या लेखकाचं व्हेरिलॉगवरचं पुस्तक आलं आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्यावरून धडे गिरवले. दुसरी भाषा व्हीएचडीएल. ती अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या गरजेतून आली आणि १९८७ मध्येच मानक झाली.

मग मुलं विचारतात, व्हेरिलॉग शिकू की व्हीएचडीएल? खासगी कंपन्यांतल्या चिपच्या कामासाठी व्हेरिलॉग आणि तिच्यापाठोपाठ सिस्टिमव्हेरिलॉग. संरक्षण, अवकाश आणि युरोपी कंपन्यांकडे जायचं असेल तर व्हीएचडीएल. पण एक मुरली की दुसरी काही आठवड्यांत येते. तारा त्याच असतात. या वादात सेमिस्टर घालवू नका.

हमी कुणाची?

कॉलेज शिकवत नाही, म्हणून मुलं क्लासला जातात. ‘१०० टक्के प्लेसमेंट’, ‘सहा महिन्यांत व्हीएलएसआय इंजिनिअर’. फी लाखाच्या घरात. ती कुठून येते? म्हाडाच्या घरावर कर्ज काढून, आईच्या बांगड्या गहाण ठेवून, वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतून. म्हणून हा विषय मला जिव्हाळ्याचा आहे. चांगलं शिकवणारे क्लास आहेत, हेही खरं. पण पैसे भरण्याआधी तीन प्रश्न तोंडावर विचारा. उद्योगात वापरतात त्या टूलचा अधिकृत परवाना तुमच्याकडे आहे का, आणि तो मला किती तास मिळेल? मी स्वतः किती टेस्टबेंच लिहिणार? गेल्या बॅचमधल्या ज्यांना नोकरी लागली, त्यांच्याशी माझं बोलणं करून द्याल का? यातल्या एकाही प्रश्नावर टाळाटाळ झाली, तर उठून घरी या.

रास्त मार्गही आहेत. सी-डॅकचा व्हीएलएसआय डिझाइनचा पदव्युत्तर डिप्लोमा पुण्यात चालतो, सहा महिन्यांचा, प्रवेश सी-कॅट परीक्षेतून. ‘चिप्स टू स्टार्टअप’ या केंद्राच्या योजनेचं उद्दिष्ट पाच वर्षांत ८५,००० जण तयार करण्याचं आहे आणि तिच्यातल्या संस्थांना महागडी टूल बंगळुरूच्या सी-डॅकमधल्या चिपइन केंद्रातून मिळतात. २०२३ मध्ये एआयसीटीईने व्हीएलएसआय डिझाइनचा स्वतंत्र बी.टेक. अभ्यासक्रमही आखून दिला. तुमचं कॉलेज या योजनेत आहे का? नसेल तर का नाही? हा प्रश्न पालकांनी प्राचार्यांना विचारायचा आहे. फी भरताना रांगेत उभं राहतो, तसंच हे विचारायलाही उभं राहू या.

मुंबईत काम आहे का?

खरं सांगायचं तर थोडं आहे. चिप डिझाइनची मोठी ऑफिसं बंगळुरू, हैदराबाद, नोएडा आणि काही प्रमाणात पुण्यात आहेत. चारकोपमधून मेट्रो पकडून संध्याकाळी घरी परतता येईल, अशा नोकऱ्या कमी. म्हणून घरात पहिला आवाज येतो: “एवढं लांब कशाला? इथेच आयटीत बघ.” मुलगी असेल तर तो आवाज दुप्पट होतो. ही माया समजते, पण तिची किंमत मुलीच्या आयुष्यातून वसूल करू नका. जी चार वर्षं सर्किटं शिकली, तिला बंगळुरूला पाठवा. घरभाड्याचा हिशेब करा, एकदा सोबत जाऊन या, पण पाठवा.

आणि जे थोडं आहे, ते मोलाचं आहे. पवईच्या आयआयटीत माधव देसाई यांच्या गटाने ‘अजित’ हा ३२ बिटचा प्रोसेसर उभा केला. तो २०१९ मध्ये जगापुढे आला. चिप घडवली पंजाबातल्या मोहालीच्या सरकारी कारखान्यात, १८० नॅनोमीटर तंत्रावर. या गटाने त्यासाठीची साधनंही स्वतः बनवली, वरच्या पातळीवर लिहिलेलं वर्णन व्हीएचडीएलमध्ये उतरवणारी. कारखाना पंजाबात, चिपचा मजकूर पवईत. कारखाना आपल्या राज्यात नसताना चिप आपल्या राज्यात जन्मली, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

जुन्नर तालुक्यात खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. आकाशातून येणाऱ्या सिग्नलचा लोंढा आकड्यांत बदलून आधी एफपीजीए बोर्डांवर आणि मग ग्राफिक्स प्रोसेसरांवर चाळला जातो. द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या पट्ट्यात ही भाषा रोज चालते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही हे काम आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात राष्ट्रीय शेअर बाजाराचं मुख्यालय आहे, आणि मायक्रोसेकंदांसाठी झटणाऱ्या ट्रेडिंग फर्म बाजाराचे भाव थेट एफपीजीएवर वाचतात, कारण सॉफ्टवेअरला तेवढा वेळही परवडत नाही. शेअर बाजारात काम करायचं तर वाणिज्य शाखाच हवी, असं समजणाऱ्या मुंबईने हे नीट ऐकावं.

एआय लिहील की!

हल्ली हे उत्तर तयार असतं. एआय काउंटर लिहितो, स्टेट मशीन लिहितो, क्षणात लिहितो. बरोबर. मग तो कोड वाचून त्यात नको असलेला लॅच कुणी ओळखायचा? बटणाचा सिग्नल सावरून घेतला आहे का, हे कुणी बघायचं? सॉफ्टवेअरमधली चूक रात्री अपडेट पाठवून बुजवता येते. सिलिकॉनमध्ये कोरलेली चूक तशी बुजवता येत नाही. लिहिणं जेवढं स्वस्त होईल, तेवढी तपासणाऱ्याची किंमत चढेल. ज्याला फक्त उतरवता येत होतं, त्याची नोकरी एआयने घेतली तर ती कधी त्याची नव्हतीच. ज्याला शंका काढता येते, त्याच्या हातात एक दणकट हत्यार आलं.

‘चारकोप’ पाठवून दाखवा

तर करायचं काय? पैसे नाहीत ही सबब इथे चालत नाही. आयकॅरस व्हेरिलॉग, व्हेरिलेटर, जीएचडीएल, वेव्हफॉर्म बघायला जीटीकेवेव्ह, सिंथेसिसला योसिस: सगळं फुकट. एफपीजीए कंपन्यांच्या टूलच्या मोफत आवृत्त्या आहेत. सरावासाठी एचडीएलबिट्स हे मोफत संकेतस्थळ आहे. पवईच्याच आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम हे मुक्त साधन आहे, त्यात व्हीएचडीएल आणि व्हेरिलॉगचे भाग जोडता येतात. आठ जीबीचा जुना लॅपटॉप पुरतो.

मग एकच काम पुरं करा. यूएआरटी बांधा, म्हणजे एका तारेवरून अक्षरं पाठवणारं सर्किट. बोर्डावरचं घड्याळ ५० मेगाहर्ट्झचं आणि वेग ९६०० बॉड असेल, तर एका बिटला सुमारे ५,२०८ ठोके लागतात. काउंटर शून्यापासून सुरू होतो, म्हणून तो ५,२०७ वर थांबवायचा. प्रत्येक बाइटच्या पुढे स्टार्ट बिट, मागे स्टॉप बिट, एकूण दहा बिट. आता इंग्रजी ‘हॅलो’ पाठवू नका. ‘चारकोप’ पाठवा. देवनागरीतल्या या शब्दाचे संगणकाच्या हिशेबाने सहा घटक होतात: च, काना, र, क, ओकार, प. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे १८ बाइट, १८० बिट, सुमारे ९ लाख ३७ हजार ठोके. सेकंदाचा पन्नासावा भागही पुरा होत नाही आणि शब्द समोरच्या स्क्रीनवर उमटतो. काना गळला तर कुठला बाइट हरवला, ते तुम्हाला शोधावं लागेल. ते शोधताना जे शिकाल, ते कुठल्याच क्लासच्या नोट्समध्ये मिळणार नाही.

मग त्याचा टेस्टबेंच लिहा. मध्येच रीसेट द्या, दोन बाइट लागोपाठ ढकला, समोरच्याचा वेग दोन टक्क्यांनी कमी-जास्त करा आणि कधी मोडतं ते नोंदवा. कोड, टेस्ट आणि सापडलेल्या चुकांची यादी सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. मुलाखतीला जाताना प्रोजेक्टच्या ब्लॅक बुकचं ओझं घरी राहू द्या, ही यादी न्या. हात पोचले तर पुढची पायरी टायनी टेपआउट. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात शेकडो जणांची छोटी डिझाइन्स एकाच खऱ्या चिपवर जागा वाटून घेतात.

दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला सहा-सात तास मनापासून दिले, तर चौथ्या वर्षापर्यंत मुलगा तयार होतो. शेवटच्या सेममध्ये क्लासला लाख रुपये ओतून नाही होत. नोकरी पहिल्या फटक्यात लागेलच असं नाही. या क्षेत्रात भरतीला ओहोटी येते, आणि आयटीसारखी एका दिवसात शेकडो मुलं उचलणारी भरती इथे नसते. पण जो आत जातो, त्याचं ज्ञान दर दोन वर्षांनी शिळं होत नाही. व्हेरिलॉग चाळिशी ओलांडून बसली आहे आणि आजही तिच्यातच लिहितात. आयुष्यभर कामाला येणारी अशी भाषा आपल्या मुलांच्या वह्यांत नुसती चिकटवलेली पडून राहावी, हे मला सहन होत नाही.

शिक्षकांना माझी हात जोडून एक विनंती. येत्या सेमच्या ओरलला ‘फ्लिप-फ्लॉपची व्याख्या सांग’ विचारू नका. विद्यार्थ्याचं स्वतःचं सर्किट त्याच्यासमोर ठेवा आणि एवढंच म्हणा: हे कुठे मोडतं ते मला दाखव. ज्याला दाखवता येईल, त्याला पूर्ण मार्क द्या. ज्याला येणार नाही, त्याला जर्नल परत द्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवा.